सात किलोच्या आत

ऑफिसात नवीन मुलं भरती झाली की साहेब त्यांना माझ्याकडे पाठवतात. कारण एकच, ऑफिसातला सगळ्यात जास्त प्रवास माझ्या वाट्याला आलेला आहे. "यांच्याकडून शिका," साहेब म्हणतात, "महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतात, पण चेहऱ्यावर कधी थकवा दिसतो का?" मुलं माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघतात आणि सभ्यपणे गप्प बसतात.

मग मी त्यांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगते. हॉटेलात जिन्याजवळची खोली घेऊ नये, कारण फोनवर भांडायचं असलं की माणसं जिन्यातच येतात. चार्जर जिथे लावाल तिथेच एक बूट ठेवावा. चार्जर विसरून माणूस निघू शकतो, एका बुटावर निघू शकत नाही. नाश्त्याला जो पदार्थ काचेच्या झाकणाखाली दिमाखात एकटाच बसलेला असतो, तो कालचा असतो. आणि मुख्य म्हणजे एकच बॅग न्यावी. सात किलोच्या आत. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल एवढी.

एवढं सांगून मी थांबते. ती सात किलोंची बॅग मी पहिल्यांदा नेली तेव्हा काय झालं, ते त्यांना सांगत नाही. शेवटी ऑफिसात थोडा मान राखून राहावं लागतं. तुम्ही काही माझ्या हाताखाली नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

माझं काम काटे तपासायचं. कारखान्यांत, गोदामांत, औषधांच्या कंपन्यांत वजनकाटे असतात, ते खरं बोलतात की नाही हे मी बघते. आमच्याकडे प्रमाण वजनं असतात, म्हणजे नीट पारखून शिक्का मारलेली. ती काट्यावर ठेवायची आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. खोटं बोलला तर तो बंद. तिथे रदबदली नाही, 'एवढं चालवून घ्या मॅडम' नाही. मी या ऑफिसात पत्रं टाइप करायच्या कामावर लागले होते. काटे मला कुणी शिकवले नाहीत, बघत बघत, चुकत चुकत शिकले. म्हणूनच बहुधा त्याचा मला जरा जास्तच ताठा आहे. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार मला येताना पाहिलं की काट्यावरचं बोट उचलतो.

तर त्या खेपेला कंपनीच्या गाडीतून दोन कारखाने उरकायचे होते. मोठी वजनं घेऊन गाडी तशीच पुढच्या गावाला जाणार आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं परत येणार. साहेबांकडून ही विमानाची परवानगी मिळवताना मला जे करावं लागलं तो वेगळा विषय आहे. पण यायलाच हवं होतं. दुपारी चार वाजता सासूबाईंचा कान होता.

सासूबाईंना ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक सासूबाई सोडून. त्यांच्या मते सगळं जगच हळू बोलायला लागलं होतं. टीव्ही बिघडला होता, दाराची बेल बिघडली होती, मुलगा पुटपुटत होता. आणि या सगळ्यात मोठं दुःख म्हणजे त्यांचं गजराचं घड्याळ बिघडलं होतं.

हे घड्याळ पितळेचं, पोटाशी धरून न्यावं लागेल इतकं जड, सासऱ्यांनी घेतलेलं. ते उशाशी टिकटिकत असल्याशिवाय सासूबाईंना झोप यायची नाही. "हे गेल्यापासून खोलीत तेवढाच काय तो आवाज होता," त्या म्हणायच्या. "आता काटे फिरतात, पण नुसतेच. आतला जीव गेलाय त्याच्या." प्रत्यक्षात ते इतकं जोरात टिकटिकायचं की पलीकडच्या खोलीत आम्हाला झोप लागायची नाही. पहाटे गजर झाला की वरच्या मजल्यावरचे काका उठायचे. सासूबाई मात्र शांत झोपलेल्या. गल्लीतल्या घड्याळवाल्यानं दोनदा सांगितलं, घड्याळ उत्तम आहे. "त्याला काय कळतंय!" सासूबाई मला म्हणायच्या. "तू एवढी मोठमोठ्या गावांना जातेस, एखाद्या चांगल्या दुकानात दाखव की."

"आई, घड्याळ चांगलं आहे."

"बघ. तूसुद्धा पुटपुटायला लागलीस."

कानाच्या मशीनचं नाव काढलं की त्या जेवणावरून उठायच्या. शेवटी कशाबशा तयार झाल्या, त्याही एका अटीवर. "ही सोबत असेल तरच येईन," त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं. "तू आणि ती मशीनवाली मिळून मला बहिरी ठरवाल. ही काट्यालासुद्धा सोडत नाही, ही खरं काय ते सांगेल." त्या मशीनवाल्या बाईंची वेळ मिळता मिळत नव्हती. आणि मिळालेल्या वेळेच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई माझ्या नणंदेकडे मुक्कामाला जाणार होत्या. नणंदेच्या मते आईला सगळं ऐकू येतं, आम्हीच नीट बोलत नाही. म्हणजे हा मुहूर्त चुकला की मशीनचं नाव कायमचं मिटलं, आणि सासूबाई त्या मुक्या खोलीत कायमच्या एकट्या. त्या काही बोलायच्या नाहीत, पण संध्याकाळी घड्याळ हातात घेऊन ते कानाशी हलवत बसलेल्या मी पाहिल्या होत्या.

म्हणून एकच बॅग. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

हे मी घरात बोलले, ही पहिली चूक. संध्याकाळपर्यंत वरचे काका खाली आले. त्यांना सगळे जगप्रवासी म्हणतात, कारण ते एकदा मुलाकडे परदेशात जाऊन आले आहेत.

"वहिनी, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत. गुंडाळ्या करायच्या," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "आणि जड ते सगळं अंगावर घालायचं. मी येताना तीन शर्ट आणि दोन कोट घालून आलो होतो."

"उकडलं नाही?"

"चक्कर आली. पण बॅगेचं वजन जास्त भरलं नाही!"

समोरच्या शिकवणीवाल्या बाईंनी आणखी शास्त्रीय उपाय आणला. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि व्हॅक्यूम क्लीनरनं आतली हवा ओढून घ्यायची. हवेबरोबर माझ्या चांगल्या कुडत्याची बाहीही नळीत गेली. ती ओढायला नवरा, नळी धरायला बाई आणि बटण कुठलं ते सांगायला जगप्रवासी. शेवटी बाही परत आली, पण दुसऱ्या बाहीपेक्षा चार बोटं लांब होऊन. "हवा काढून वजन कमी होत नाही हो," मी म्हटलं. "जागा वाचते," बाई दुखावून म्हणाल्या. जागेचा प्रश्नच नव्हता, पण हे ऐकायला कुणी उरलं नव्हतं. सगळे नळी साफ करण्यात गुंतले होते.

निघायच्या सकाळी मी बॅग माझ्या हुकाच्या काट्याला लटकवून बघितली. साडेसहा किलो. त्यात माझं एक किलोचं प्रमाण वजन धरलेलं होतं. ते लाकडी डबीत असतं आणि कुणाच्या हाती द्यायचं नसतं, गाडीतही सोडायचं नसतं. ते माझ्या नावावर आहे. माझ्या पगारात गडबड झाली तर ऑफिस डोळा उघडत नाही, पण त्या वजनाला ओरखडा गेला तर चौकशी बसते.

बॅग दारात ठेवून मी पाण्याची बाटली आणायला आत गेले. परत आले तर सासूबाई बॅगेशेजारी उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून.

"नीट जा," त्या म्हणाल्या. "आणि तेवढं काम विसरू नकोस."

कुठलं काम, हे विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, आणि गाडी खाली हॉर्न वाजवत होती. मी मान डोलावली, "नाही विसरत."

कारखाने झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका काट्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला, मी त्याला बंद केलं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत शिरले, बूट काढले, पलंगावर पाठ टेकली आणि ऐकू आली टिकटिक.

बारीकशी, पण अखंड. भिंतीतून येते म्हणावं तर भिंतीतून, कपाटातून म्हणावं तर कपाटातून. मी खाली फोन केला. खालच्या माणसानं एक मेकॅनिक पाठवला. त्यानं एसी बंद केला. टिकटिक. फ्रिज बंद केला. टिकटिक. मग त्यानं बाथरूममधला नळ आवळला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता टिकटिक चालू आहे की नाही हे तुमच्या मनावर आहे.

"खोली बदलून द्या," मी म्हटलं.

खोली बदलली. मी बॅग उचलून वरच्या मजल्यावर गेले, पलंगावर पाठ टेकली. टिकटिक. पुन्हा फोन करायला लाज वाटली. अख्खी इमारतच अशी आहे, असं मी ठरवलं आणि कानात कापसाचे बोळे घालून झोपले. (प्रवासात कापूस जवळ असावा, ही सूचना मी मुलांना देते. का ते सांगत नाही.) आवाज ओळखीचा वाटत होता, हेही कबूल करते. पण दमलेल्या माणसाला सगळेच आवाज ओळखीचे वाटतात. बॅग उपसायचा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या दिवशीचे कपडे मी शहाणपणानं वरच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं हसून माझी बॅग काट्यावर ठेवायला सांगितली.

"मॅडम, बॅग जास्त भरतेय. आठ पूर्णांक चार."

"नाही भरणार," मी म्हटलं. "साडेसहा आहे."

"इथे आठ पूर्णांक चार दाखवतंय, मॅडम."

"मग काटा चुकतोय तुमचा."

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलंय, आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा उतरलाय. हिचा उतरला नाही. "ताई, मोठी बॅग म्हणून आत पाठवते ना, काही अडचण नाही," ती म्हणाली. म्हणजे पट्टा. म्हणजे ताटकळणं. म्हणजे चार वाजता मी विमानतळावर आणि सासूबाई घरी. आणि शिवाय, खरं सांगायचं तर, माझ्या साडेसहाला कुणी आठ पूर्णांक चार म्हणावं?

मी बॅग काट्यावरून उतरवली, लाकडी डबी काढली, पांढरा हातमोजा चढवला आणि प्रमाण वजन चिमट्यात धरावं तसं दोन बोटांत धरून त्यांच्या काट्यावर ठेवलं. मागची रांग माना लांब करून बघू लागली.

काट्यानं दाखवलं एक किलो. बरोब्बर एक किलो. ना वर, ना खाली.

मी वजन उचललं, पुन्हा ठेवलं. एक किलो. एवढा प्रामाणिक काटा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. एरवी मी त्याची पाठ थोपटली असती.

"कमी वजनाला बरोबर दाखवतात," मी रांगेला उद्देशून म्हटलं, "जास्तीला घसरतात."

"असं होय!" मागचा एक गृहस्थ म्हणाला. "तरीच माझी बॅग गेल्या वेळी जास्त भरली!" त्याच्या मागच्या बाईंचीही भरली होती. बघता बघता रांगेतल्या प्रत्येकावर अन्याय झाल्याचं निष्पन्न झालं आणि सुपरवायझर आला.

"काकू," तो म्हणाला. मॅडमची ताई आणि ताईची काकू व्हायला मला एकच काउंटर पुरला होता. "तुमची काट्याबद्दल तक्रार आहे का?"

"आहे."

"मग नियमानं हा काउंटर बंद करावा लागेल. तपासणीवाला माणूस येईपर्यंत."

"तपासणीवाला माणूस मीच आहे!"

"आमच्या यादीवरचा लागतो."

काउंटर बंद झाला. माझ्या बाजूनं बोलणारी ती अख्खी रांग शेजारच्या रांगेच्या शेपटाला गेली, आणि जाताना प्रत्येकानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. मी सगळ्यात शेवटी. फोन वाजला, नवरा.

"अगं, आई तयार होऊन बसलीय. सकाळपासून. पर्स मांडीवर घेऊन."

"चांगलं आहे की."

"कसलं चांगलं! दर पाच मिनिटांनी विचारतेय, ती निघाली का? तू नाही आलीस तर चपला काढून ठेवणार म्हणते. आणि काका आलेत."

मागून जगप्रवाशांचा आवाज आला, "वहिनी! अंगावर घाला!"

दुसऱ्या काउंटरच्या काट्यावर बॅग पुन्हा आठ पूर्णांक चार. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात हरले. दोन काटे एकच खोटं बोलत नाहीत. मी कोपऱ्यात बसले, वरच्या वर हाताला आले तेवढे कपडे काढले आणि अंगावर चढवले. एक स्वेटर, त्यावर दुसरा, त्यावर तो लांब बाहीचा कुडता. प्रमाण वजन डबीसकट खिशात घातलं. बॅग सात किलोच्या आत आली. मी मात्र नव्हते.

सुरक्षेच्या दारातून गेले आणि दार किंचाळलं. खिशातलं वजन बाहेर काढलं, ऑफिसचं पत्र दाखवलं, हे काय आहे ते समजावलं. एक सुरक्षावाल्या बाई ते हातात घ्यायला लागल्या. "मोज्याशिवाय नको!" मी ओरडले. त्यांच्या जागी मी असते तर मीही असल्या बाईला बाजूला घेतलं असतं.

बाजूला घेतल्यावर त्यांनी पडद्यावर माझ्या बॅगेचं चित्र दाखवलं. बुटांच्या कप्प्यात काहीतरी गोल होतं. त्यात दातेरी चाकं होती.

"मावशी, हे काय आहे?"

मावशी! पण आता मानापमान बघायला वेळ नव्हता. "माहीत नाही," मी म्हटलं. विमानतळावर द्यायचं ते हे उत्तर नव्हे. आणखी दोन माणसं आली. एकानं बॅगेला कान लावला आणि झटकन मागे सरकला.

"आवाज येतोय."

टिकटिक. आणि त्या क्षणी हॉटेलच्या दोन खोल्या, तो बिचारा मेकॅनिक, ते दोन सज्जन काटे, पाठीमागे बांधलेले ते हात, आणि 'तेवढं काम' हे सगळं एकदम माझ्या डोक्यात पडलं.

"घड्याळ आहे हो," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंचं."

मोठ्या काळजीनं त्यांनी ते बाहेर काढलं. सासूबाईंनी ते आपल्या लोकरीच्या टोपीत गुंडाळून, वर रुमालाची गाठ मारली होती. सुरक्षावाल्या बाईंनी ते उलटंपालटं केलं आणि मागची काटे फिरवायची कळ जराशी फिरवली. काटे गजराच्या जागी आले. तो गजर वरच्या मजल्याला उठवणारा आहे, हे मी आधी सांगितलंच आहे. त्या छताखाली तो कुठवर गेला ते मला माहीत नाही, पण खेळण्यांच्या दुकानापाशी एक लहान मूल रडायला लागलं.

"बंद करा! बंद करा!"

मी बंद केलं.

"मावशी, विमानात असलं घेऊन जातात का?"

"दुरुस्तीला दिलं होतं त्यांनी."

"पण हे तर चालतंय."

"हो," मी म्हटलं. "त्यांना ऐकू येत नाही."

त्या बाईंनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. दोन स्वेटर, त्यावर एक बाही लांब असलेला कुडता, घामानं चिकटलेले केस. मग त्यांनी वरिष्ठांकडे पाहून मान हलवली. "चालतंय ते दाखवा आणि जा," त्या म्हणाल्या. "किल्ली देऊन दाखवा." मी शेवटपर्यंत किल्ली दिली. टोपीत गुंडाळून दिलं त्यांनी मला ते, रुमालाची गाठसुद्धा मारून. "माझ्या आईचंही असंच आहे," एवढंच म्हणाल्या. गाठ सैल होती, पण मी तशीच ठेवली.

विमानाचं दार माझ्या मागे बंद झालं. सीटवर बसल्यावर मी स्वेटर काढायचा विचार केला, पण शेजारचा माणूस त्या बंद पडलेल्या काउंटरच्या रांगेतला होता, हे लक्षात आलं. मी तोंड खिडकीकडे करून तशीच उकडत बसले.

दवाखान्यात पोचले तेव्हा दारातच नवरा उभा होता. आत सासूबाई, पर्स मांडीवर. जगप्रवासी काकाही आले होते, धीर द्यायला. मदतनीस बाई सांगत होत्या, "तुमचा नंबर गेला, आता दुसऱ्यांना घेतो," आणि सासूबाई त्यांना सांगत होत्या, "बाई गं, जरा मोठ्यानं बोलायला शीक. एवढी हळू बोललीस तर लोकांना ऐकू कसं येणार?"

मला पाहून त्या उठल्या. "आलीस? चल. पण खरं काय ते सांग हं. मी चांगली असेन तर चांगली म्हण."

मशीनवाल्या बाईंनी 'असू दे, घेते यांनाच' म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं, कानात काहीतरी मापलं, काहीतरी बसवलं. मी दाराजवळ बॅग ठेवून उभी होते. "आता कुणी बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना जरा सवय होऊ द्या."

कुणी बोललं नाही. नवरा बोललाच नाही, काकासुद्धा बोलले नाहीत, हे विशेष. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या होत्या. मग त्या हळूहळू सुटल्या. त्यांनी मान वळवली, जरा इकडे, जरा तिकडे. आणि एकदम त्यांची नजर माझ्या बॅगेवर येऊन थांबली.

मग त्यांनी हात पुढे केला. मी रुमालाची सैल गाठ सोडली आणि घड्याळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते कानाशी नेलं नाही. तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात त्याच्याभोवती.

"आणलंस दुरुस्त करून," त्या म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते, गल्लीतल्याला काही कळत नाही?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. काका घसा खाकरायला लागले होते, मी त्यांच्या पायावर हळूच पाय ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. ही काट्यालासुद्धा सोडत नाही, ही खरं काय ते सांगेल.

"हो, आई," मी म्हटलं. "मोठ्या दुकानात दाखवलं. आतलं एक चाक सुटलं होतं."

इतक्या वर्षांत मी कुठल्याही काट्याला एका ग्रॅमची सूट दिलेली नाही. खिशात ते एक किलोचं वजन होतंच. ते मला तेवढ्यापुरतं बरंच जड लागलं.

"पण मला ओरडून सांगतेस कशाला गं?" सासूबाई म्हणाल्या. "हळू बोल. घड्याळ ऐकू दे."

नवीन मुलांना मी एवढंच सांगते, की बॅगेचं वजन सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर करावं. आणि जास्त भरलं, तर काट्याशी भांडू नये. घरच्या कुणीतरी काहीतरी सोबत दिलेलं असतं.